अर्थशास्त्राला शिवारात नेणारे धनंजयराव

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविणे म्हणजे विलायतेत लिहिलेली पाठ्यपुस्तके विद्यार्थ्यांना समजावून सांगणे, अशीच रीत होती. न्यायमूर्ती रानडे यांनी या देशाच्या आर्थिक प्रश्नांचा स्वतंत्र विचार व्हावा, असा आग्रह धरला होता. पण त्या विचाराला लागणारी माहिती पद्धतशीरपणे गोळा करणारी यंत्रणा विद्यापीठीय जगात फारशी नव्हती. ती उणीव भरून काढण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. धनंजयराव रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात आणि उच्च शिक्षण केंब्रिज येथे झाले. तेथे संशोधनासाठी त्यांनी भारताच्या अर्वाचीन औद्योगिक विकासाचा विषय निवडला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघ्या तेवीस वर्षांचे होते. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या काही पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. परंतु सरकारी नोकरीत ते रमले नाहीत. सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी १९२५ ते १९३० या काळात सांभाळले.

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. भारत सेवक समाजाच्या आवारात, समाजाच्या समृद्ध ग्रंथालयाच्या आधाराने संस्थेचे काम सुरू झाले. पहिले संचालक म्हणून धनंजयरावांनी सूत्रे हाती घेतली, ती पुढे छत्तीस वर्षे त्यांच्याकडे राहिली.

संस्थेच्या आरंभीच्या संशोधनाचे विषय पाहिले, तरी त्यांची दृष्टी कळते. पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात व कशी विकली जातात, मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटार वाहतूक कशी चालते, वाई तालुक्यातील शेतकऱ्याला शेतीतून हाती काय लागते, असे हे विषय होते. विद्वत्सभेत ते किरकोळ वाटावेत; पण शेतकरी आणि ग्राहक यांच्यामध्ये पैसा कोठे मुरतो, याचे उत्तर पुस्तकात नव्हे, तर बाजाराच्या ओट्यावर मिळते, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका भारतीय शहरातील कुटुंबांचे व्यवसाय, उत्पन्न आणि राहणीमान यांचा इतका बारकाईने घेतलेला शोध त्या काळी विरळाच होता. पुढे संस्थेच्या संशोधकांनी त्याच शहराची फेरपाहणी करून रोजगारातील बदल नोंदवले.

गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचा अभ्यास हा याच पद्धतीचा पुढचा टप्पा होता. कालव्याच्या खर्चाच्या मानाने पाणीपट्टी किती जमा होते, एवढाच हिशेब सरकार पाहत असे. धनंजयरावांनी त्यापलीकडे जाऊन पाण्यामुळे पिकांचे उत्पन्न, मजुरी, व्यापार यांत किती भर पडली, हे अप्रत्यक्ष लाभही मोजले. हा अहवाल १९४८ मध्ये निघाला. पाटबंधाऱ्यांचा विचार केवळ महसुलाच्या वहीतून करू नये, हे त्याने दाखवून दिले.

ज्या प्रवरेच्या खोऱ्याचा अभ्यास केला, त्याच खोऱ्यात त्यांना प्रत्यक्ष काम करण्याचीही संधी मिळाली. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने ऊस उत्पादकांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि धनंजयराव त्याचे अध्यक्ष झाले. पहिली सुमारे दहा वर्षे त्यांनी ही धुरा वाहिली. प्राध्यापकाने कारखान्याच्या ताळेबंदात लक्ष घालावे, हे अनेकांना अजब वाटले असेल. पण सहकार शेतकऱ्याला खरोखर परवडतो का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने कागदावर सुटणारा नव्हता.

सहकाराविषयी ते भाबडे मात्र नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे ते एक सूत्रधार होते. देशातील ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत झालेल्या या पाहणीचा निष्कर्ष १९५४ मध्ये पुढे आला, तेव्हा सहकारवाल्यांना धक्का बसला. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता, तर सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. सहकार अपयशी ठरला असला तरी तो यशस्वी करणे भाग आहे आणि त्यासाठी सरकारने भागीदार व्हावे, असा मार्ग या समितीने दाखवला. पुढे सरकारच्या या भागीदारीतून सहकारी संस्थांत राजकारणही शिरले, हे नाकारता येत नाही. मोजमापाची शिस्त आणि सभासदांची जागरूकता या गोष्टी सुटल्या की काय होते, हे महाराष्ट्राने नंतर पाहिले.

संयुक्त महाराष्ट्राची बाजू आकडेवारीच्या आधारे मांडण्यातही धनंजयरावांचा मोलाचा वाटा होता. १९६६ मध्ये संचालकपद सोडल्यावर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच सुमारास त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली आणि १९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आयुष्यभर सरकारी नियोजनावर परखड टीका करणाऱ्या अभ्यासकावर ते नियोजन चालविण्याची जबाबदारी आली.

राज्यांना केंद्राची मदत किती मिळावी, हे तोवर बऱ्याच अंशी दिल्लीच्या मर्जीवर ठरत असे. चौथ्या योजनेपासून त्यासाठी निश्चित सूत्र आले. साठ टक्के मदत लोकसंख्येनुसार आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांसाठी प्रत्येकी दहा टक्के, असे हे गाडगीळ सूत्र. त्यात पुढे फेरबदल झाले, तरी योजना आयोग असेतो त्याचे नाव टिकून राहिले. १९६९ मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांच्या अभ्यासगटाने जिल्हावार पतपुरवठ्याची कल्पना मांडली. त्यातून अग्रणी बँक योजना आकारास आली.

१९७१ च्या निवडणुकीनंतर ते आयोगातून बाहेर पडले आणि ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या सुलभा ब्रह्मे यांनी अर्थशास्त्रात, तर पुत्र माधव गाडगीळ यांनी परिसरशास्त्रात लोकांमध्ये जाऊन संशोधन करण्याचा वारसा चालवला. संस्थेत त्यांच्यानंतर संचालक झालेले वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह देशातील दारिद्र्याचे मोजमाप केले, तेही याच परंपरेचे फळ होय.

आज माहितीचे ढीग संगणकावर घरबसल्या मिळतात. तरीही प्रश्न कोणाचा, तो कोणाच्या दारी जाऊन विचारायचा आणि मिळालेले उत्तर गैरसोयीचे निघाले तरी ते जसेच्या तसे मांडायचे की नाही, हे संशोधकालाच ठरवावे लागते. धनंजयरावांनी हे धडे व्याख्यानांपेक्षा आपल्या कामातून दिले. अर्थशास्त्राच्या वर्गात आजही ते शिकविण्याजोगे आहेत.