शाळा हुकलेली मीनाकुमारी

१९३३ साली मुंबईत जन्मलेल्या महजबीन बानोला शाळेत जायचं होतं. घरच्या तंगीने तिला स्टुडिओत पाठवलं. १९३९ च्या ‘लेदरफेस’मध्ये विजय भट्टांनी तिला काम दिलं, पुढे त्यांच्याच ‘बैजू बावरा’ने (१९५२) मीनाकुमारी घरोघरी पोचली. अभिनेत्रीचा पहिला फिल्मफेअर तिलाच मिळाला. ‘साहिब बीबी और गुलाम’मधली छोटी बहू आम्हाला सगळ्यांत मोठं काम वाटतं.

शाळा हुकली, पण उर्दू सुटली नाही. ‘नाज़’ या तखल्लुसने ती शायरी करायची. आम्हा मुलांना शिकवणाऱ्यांना हेच जास्त लागतं.

कमाल अमरोहींशी निकाह झाला, पुढे दोघं वेगळे झाले. त्यांचा वर्षानुवर्षं रखडलेला ‘पाकीज़ा’ मात्र तिने आजारपणातही पुरा केला. फेब्रुवारी १९७२ मध्ये तो लागला; ३१ मार्चला तिचा इंतकाल झाला. वय अवघं ३८.