जपानी शाळेचा शिल्पकार : मोरी आरिनोरी

जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहू लागलेल्या प्रेक्षकाच्या ध्यानात काही दिवसांतच एक गोष्ट येते. कथा राक्षसांची असो, यंत्रमानवांची असो वा कोवळ्या प्रेमाची, ती फिरून फिरून शाळेत येते. एप्रिलमध्ये फुललेल्या चेरीच्या झाडांखालून नवे विद्यार्थी फाटकातून आत शिरतात, पुढे क्रीडादिन होतो, स्नेहसंमेलनासाठी वर्ग सजतात, सहलीच्या मुक्कामी कुणीतरी मनातले बोलून टाकते. आणि नायक बहुधा खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसलेला असतो. २००५ पासून हिंदीतून भारतीय घरांत शिरलेल्या ‘डोरेमॉन’मधल्या नोबिताच्या शून्य गुणांच्या उत्तरपत्रिकाही याच शाळेतल्या.

यामागे बाजाराचे गणित आहेच. बहुसंख्य मालिका ज्या चित्रकथांवरून बनतात, त्या छापणाऱ्या साप्ताहिकांचे आणि मासिकांचे वाचक मुख्यतः शाळकरी मुले-मुली. परंतु शाळकरी वाचक सर्वच देशांत असतात. जपानी चित्रकाराला लाभलेली खरी सोय निराळी आहे. त्या देशात उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेपर्यंत शाळा जवळजवळ सारखीच असते. एक फाटक आणि एक गणवेश दाखवला की प्रेक्षकाला पुढचे काही सांगावे लागत नाही. हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. तो घडवणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते जपानचे पहिले शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांचे.

मोरी यांचा जन्म १८४७ साली दक्षिण जपानमधील कागोशिमा येथे, सात्सुमा संस्थानाच्या एका सामुराई कुटुंबात झाला. त्या काळी शोगुनांच्या राजवटीत परदेशगमनास बंदी होती आणि तिचा भंग करणाऱ्यास कठोर शासन होते. तरीही सात्सुमाने १८६५ मध्ये आपले एकोणीस जण चोरून इंग्लंडला धाडले. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचे मोरी त्यांत होते. सर्वांना खोटी नावे देण्यात आली होती. मोरी यांचे नाव होते सावाई तेत्सुमा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी विज्ञान व गणित यांचे धडे घेतले. पैसा आटला तेव्हा ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क राज्यात टॉमस लेक हॅरिस नावाच्या गूढवादी ख्रिस्ती धर्मगुरूच्या वसाहतीत राहिले. तेथे पहाटेपासून अंगमेहनत आणि कडक शिस्त होती. स्वतःला विसरून समूहासाठी कष्टणे हाच तिथला धर्म होता. पुढे त्यांनी आपल्या देशातील भावी शिक्षकांसाठी जी वसतिगृहे उभारली, त्यांत या वसाहतीची सावली शोधावीशी वाटते.

१८६८ मध्ये मेइजी राजवट आली आणि मोरी मायदेशी परतले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सामुराईंनी कमरेची तलवार सोडावी, असा प्रस्ताव नव्या सभेपुढे मांडला. सभेने तो एकमुखाने फेटाळला, मोरी यांना पद सोडावे लागले आणि ते कागोशिमात इंग्रजी शिकवू लागले. तलवारबंदीचा कायदा १८७६ मध्ये आला. योग्य गोष्ट सात वर्षे आधी सांगण्याची खोड त्यांना जन्मभर महागात पडली. १८७० साली त्यांच्या थोरल्या भावाने सरकारच्या कारभाराचा निषेध म्हणून आत्मबलिदान केले; त्याच वर्षी धाकट्या भावाची अमेरिकेतील पहिले जपानी राजदूत म्हणून नेमणूक झाली. वय अवघे तेवीस.

वॉशिंग्टनमध्ये त्यांनी शिक्षण या एकाच विषयाचा ध्यास घेतला आणि तिथल्या विद्वानांना पत्रे लिहून जपानने काय करावे याची विचारणा केली. जपानी भाषा आधुनिक ज्ञानास अपुरी आहे, तेव्हा सोपी केलेली इंग्रजीच स्वीकारावी, असेही त्यांच्या मनात होते. हा विचार त्यांनी येल विद्यापीठातील विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना कळवला. हे व्हिटनी म्हणजे ज्यांचे संस्कृत व्याकरण भारतातील अभ्यासकांनाही परिचित आहे, तेच. आयुष्य संस्कृतात घालवलेल्या या पंडिताने मायबोली सोडू नये, असाच सल्ला दिला. जपानच्या शाळा पुढे जपानीतूनच चालल्या. माध्यमाच्या वादात होरपळणाऱ्या मराठी वाचकाला हा पत्रव्यवहार थोडा हेवा वाटायला लावणारा आहे.

परतल्यावर त्यांनी १८७३ मध्ये समविचारी विद्वानांची ‘मेइरोकुशा’ ही सभा स्थापण्यात पुढाकार घेतला. तिच्या नियतकालिकातून त्यांनी पुरुषांच्या बाहेरख्यालीपणावर आणि रखेल ठेवण्याच्या रूढीवर कठोर लेख लिहिले. १८७५ मध्ये स्वतःचे लग्न त्यांनी वधू-वरांच्या समान हक्कांचा लेखी करार करून लावले. साक्षीदार होते विचारवंत फुकुझावा युकिची. सारे शहर त्या लग्नाविषयी बोलत होते. तो विवाह १८८६ मध्ये संपुष्टात आला, हेही नोंदवायला हवे. मधल्या काळात ते चीन आणि ब्रिटन येथे राजदूत होते. १८८२ मध्ये राज्यघटनेच्या अभ्यासासाठी युरोपात आलेल्या इतो हिरोबुमी यांची व त्यांची पॅरिसमध्ये भेट झाली. शिक्षण हाच राष्ट्राचा पाया, यावर दोघांचे जुळले. डिसेंबर १८८५ मध्ये इतो पहिले पंतप्रधान झाले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मोरी शिक्षणमंत्री.

त्यांना कामासाठी जेमतेम सव्वातीन वर्षे मिळाली. एवढ्यात त्यांनी जे केले ते थक्क करणारे आहे. १८८६ या एका वर्षात विद्यापीठ, शिक्षक-प्रशिक्षण, माध्यमिक आणि प्राथमिक शाळा यांसाठी स्वतंत्र अध्यादेश निघाले. पाठ्यपुस्तकांना सरकारी मान्यता आवश्यक ठरली. विद्यापीठात विद्येला मोकळीक असावी, त्याखालच्या शाळांत मात्र मन आणि शरीर घडवावे, अशी त्यांची स्पष्ट विभागणी होती. भावी शिक्षकांना फुकट शिक्षण मिळे, पण ते लष्करी बराकीसारख्या वसतिगृहात. आज्ञापालन, परस्परस्नेह आणि भारदस्तपणा हे तीन गुण त्यांच्या अंगी बाणावेत यासाठी सैनिकी कवायत सक्तीची झाली.

आजच्या अ‍ॅनिमेतील शालेय पंचांगाची मुळे येथे सापडतात. फेब्रुवारी १८८६ मध्ये टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे विद्यार्थी चिबा परिसरात दहा-बारा दिवसांच्या पायी मोहिमेवर गेले. कवायतीचा सराव आणि वाटेत निसर्गाचे व स्थळांचे निरीक्षण, असा तिचा दुहेरी हेतू होता. जपानी शैक्षणिक सहलीचा हा आरंभ मानला जातो. शालेय क्रीडादिन आधी नौदलाच्या विद्यालयात सुरू झाला होता. मोरी यांच्या कवायतीने आणि त्यांच्या प्रांतोप्रांतीच्या दौऱ्यांनी तो गावोगाव पोहोचला. शाही विद्यापीठाने धातूच्या गुंड्यांचा, बंद गळ्याचा काळा गणवेश १८८६ मध्येच घेतला आणि माध्यमिक शाळांनी तो उचलला. मुलींचा खलाशी पद्धतीचा पोशाख मात्र १९२० च्या दशकातला. तोही नौदलाकडूनच आलेला. सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होऊ लागले तेही १८८६ पासून, आणि हळूहळू शालेय वर्षही तिथे सरकले. चेरीचा बहर आणि शाळेचा पहिला दिवस यांची गाठ अशी खजिन्याच्या हिशेबाने पडली! मागच्या बाकाजवळच्या खिडकीचेही असेच. लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून वर्गात प्रकाश डावीकडून यावा, हा इमारतींचा दंडक मोरींनंतर रुळला. त्यामुळे पडद्यावरचा नायक बहुतेक वेळा डावीकडेच पाहत विचारात गढलेला दिसतो.

विरोधकांना मोरी परके वाटत. १८८७ मध्ये इसे येथील पवित्र देवस्थानात त्यांनी आपल्या काठीने पडदा वर केला आणि जोडे न काढता पायरी चढली, अशी आवई उठली. ती कधीही सिद्ध झाली नाही. पण इंग्रजीचा पुरस्कार आणि लग्नाचा करार लोकांच्या स्मरणात असल्याने तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला नाही. ११ फेब्रुवारी १८८९ रोजी जपानची राज्यघटना जाहीर व्हायची होती. समारंभासाठी निघण्याच्या तयारीत असताना निशिनो बुनतारो या तरुण सरकारी कारकुनाने निवासस्थानीच त्यांच्यावर सुऱ्याने वार केला. मारेकरी तिथेच मारला गेला. मोरी दुसऱ्या दिवशी निवर्तले. ते एकेचाळीस वर्षांचे होते. एका महिला-हक्कवादी, तलवारविरोधी माणसाचा असा अंत व्हावा हे दुर्दैव. आणि टोकियोत लोकांनी गर्दी केली ती मारेकऱ्याच्या थडग्यावर फुले वाहण्यासाठी, हे त्याहून मोठे.

पुढल्याच वर्षी सम्राटाची शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. ज्या शाळा मोरींनी राष्ट्रासाठी सक्षम नागरिक घडवण्याकरिता उभारल्या, त्यांत सम्राटनिष्ठेचे पाठ सुरू झाले. त्यांनी आणलेल्या कवायतीला १९३० च्या दशकात भीषण अर्थ आला. त्याचा दोष मोरींना किती द्यावा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. व्यक्तीच्या हक्कांचा पुरस्कर्ता मुलांना मात्र रांगेत उभे करतो, हा विरोध त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. त्या रांगांकडे हसून पाहणारेही लवकरच निघाले. मात्सुयामाच्या शाळेत शिकवून आलेल्या नात्सुमे सोसेकी यांनी १९०६ मध्ये ‘बोच्चान’ ही कादंबरी लिहिली. तीत माध्यमिक शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय यांच्या शिस्तबद्ध विद्यार्थ्यांची भर रस्त्यात हाणामारी होते!

१९४५ च्या पराभवानंतर कवायत गेली, १९४८ मध्ये राजाज्ञाही रद्द झाली. १९४७ च्या कायद्याने मुला-मुलींना नऊ वर्षे सक्तीचे शिक्षण मिळाले. गणवेश, क्रीडादिन, सहल आणि एप्रिलचे फाटक मात्र जागच्या जागी राहिले. हुकूम निघून गेले आणि रिकाम्या झालेल्या त्या चौकटीत मुलांनी आपापल्या गोष्टी भरल्या. १९६९ च्या ‘अटॅक नंबर वन’मध्ये मुली व्हॉलीबॉलच्या मैदानात रडल्या-पडल्या, १९९२ च्या ‘सेलर मून’ने खलाशी पोशाखालाच युद्धवेष केले, तर २०१६ च्या ‘कोए नो काताची’ या चित्रपटाने बहिऱ्या मुलीचा वर्गात होणारा छळ दाखवून या सारखेपणाची दुखरी बाजू उघडी केली. १९९५ च्या ‘निऑन जेनेसिस इव्हान्जेलियन’मध्ये तर जग बुडण्याच्या बेतात असते, चौदा वर्षांची मुले अजस्र यंत्रांत बसून लढतात, आणि जखमा बऱ्या झाल्या की पुन्हा दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसतात.