राग की रंज? इमाम गझालींनी मनाची दुखणी नावानिशी ओळखली

इमाम अबू हामिद गझाली (रह.) हे नाव आपल्या घरांत नवं नाही. ‘कीमिया-ए-सआदत’चा उर्दू तर्जुमा अनेक घरांत आहे. पण एवढा मोठा आलिम एकदा दर्स द्यायला बसला आणि तोंडून शब्दच फुटेना, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

इमाम साहेबांचा जन्म ४५० हिजरी (इ.स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस इथं झाला. वडील लवकर वारले. त्यांनी दोन्ही मुलांना आपल्या एका सूफी मित्राच्या हवाली केलं होतं. पुढे नीशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्याकडे तालीम झाली. इ.स. १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. वय जेमतेम तेहतीस. समोर तीनशे विद्यार्थी, दरबारात मान, सगळीकडे नाव.

आणि चार वर्षांनी, ४८८ हिजरीच्या रजब महिन्यात (इ.स. १०९५), मनात ओढाताण सुरू झाली. ती जवळपास सहा महिने चालली. आधी जीभ अडकली, मग घासही गिळेना. हकिमांनी हात टेकले. दुखणं दिलात आहे, ते मिटल्याशिवाय औषध चालणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

इमाम साहेबांनी स्वतःच्या आत पाहिलं. दीनची खिदमत करतोय म्हणून अस्वस्थता झाकता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. आपल्या शिकवण्यामागे हुब्बे-जाह आहे, म्हणजे मानमरातबाची ओढ आहे, हे त्यांनी कबूल केलं. एका बाजूला ही ओढ, दुसऱ्या बाजूला आखिरतची भीती. दोन्ही ओळखल्या, अल्लाहपुढे हात पसरले, तेव्हा सोडून जाणं सोपं झालं. मुलाबाळांपुरतं ठेवून बाकी माल वाटून टाकला आणि ते बगदादहून निघाले. सुमारे दोन वर्षं शाममध्ये राहिले. दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात दार लावून बसत. बैतुल मुकद्दसला गेले, हजही केला.

याच काळात ‘इह्या उलूमुद्दीन’ आकाराला आलं. त्याचे चाळीस भाग आहेत. त्यातले तिसरे दहा माणसाला बुडवणाऱ्या गोष्टींवर आहेत. तिथं इमाम साहेब मनाची एकेक हालत वेगळी करून दाखवतात. आपल्यापेक्षा कमजोर माणसाचा राग आला तर तो उसळून बाहेर येतो. वरचढ माणसाचा आला आणि काही करता येत नसलं, तर तोच राग आत वळून रंज बनतो. दाबलेला राग मुरला की कीना होतो. दुसऱ्याची नेमत जावी असं वाटणं म्हणजे हसद. ती आपल्यालाही मिळावी एवढंच वाटलं तर तो रश्क. किब्रला समोर दुसरा माणूस लागतो, उज्ब एकट्यालाही होतो.

एवढा बारकावा कशासाठी? कारण इलाज वेगळे आहेत. राग आला तर तअव्वुज पढा, उभे असाल तर बसा, वुजू करा. हसद असेल तर ज्याचा हसद वाटतो त्याची तारीफ करा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण येणार नाही.

आम्ही शिक्षक रोज पाहतो, मुलांकडे सगळ्याला एकच शब्द असतो, ‘टेन्शन’. चुलतभावाला जास्त मार्क पडले की टेन्शन, मित्र बोलला नाही की टेन्शन. घरी अब्बा कामावरून गप्प येतात, आपण त्याला राग समजतो. कदाचित साहेबापुढे गिळलेला राग आता रंज झालेला असेल. अशा वेळी ओरडण्याआधी शांतपणे विचारावं, बेटा, हा राग आहे, भीती आहे की रश्क? नाव सापडलं की मूल निम्मं शांत होतं, मग पुढचं बोलता येतं.

इ.स. ११०६ मध्ये इमाम साहेब नीशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच, पण आता नीयत तपासून. शेवटी तूसला परतले आणि तिथंच जमादिउस्सानी ५०५ हिजरीत (डिसेंबर ११११) त्यांचं निधन झालं.

अल्लाह आपल्यालाही आपलं मन ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.