सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण अलीकडे फार हलका करून टाकला आहे. सार्वजनिक नळ म्हणजे ज्याची तोटी कायम गळते तो. सार्वजनिक बाग म्हणजे जिथे शेंगांची टरफले टाकायला हरकत नाही ती. जे सर्वांचे ते कुणाचेच नाही, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ झाला आहे. आणि हाच शब्द एके काळी पुण्यातल्या एका वकिलाला लोकांनी मानाने बहाल केला होता, हे आठवले की मला नवल वाटते. रावसाहेब, रावबहादूर अशा सरकारी पदव्यांचे ते दिवस. गणेश वासुदेव जोशी यांना पदवी मिळाली ती गावाकडून. ते ‘सार्वजनिक काका’ झाले.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात झाला. पोटापाण्यासाठी पुण्यात आले, सरकारी नोकरी केली, पुढे वकील झाले. इथवरचे आयुष्य त्या काळच्या कुणाही हुशार माणसासारखेच आहे. वळण आले ते पर्वती संस्थानामुळे. पेशव्यांच्या काळापासूनच्या या देवस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता आणि त्याबद्दल लोकांच्या तक्रारी वाढत चालल्या होत्या. अशा वेळी आपण पंचांना नावे ठेवून मोकळे होतो. पुण्यातल्या त्या मंडळींनी मात्र लोकांच्या वतीने जाब विचारील अशी कायमची संस्थाच काढायचे ठरवले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिच्या मागची धावपळ काकांची होती.

या सभेचा एक नियम मला आजही विलक्षण वाटतो. सभासद व्हायचे तर नुसती वर्गणी भरून चालत नसे. निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. आमच्या वतीने बोलायला या गृहस्थांना आम्ही नेमले आहे, असे लोकांनी लेखी द्यायचे. सुरुवातीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. मताचा हक्क नाही, निवडणूक नाही, आणि हा वकील घरोघर वकीलपत्रे गोळा करतो आहे! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला दरवर्षी गणपूर्ती होत नाही आणि अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवावी लागते, तेव्हा मला हे पंचाण्णव जण हटकून आठवतात. अर्थात सभेत सरदार, सावकार, वकील यांचाच भरणा होता. कष्टकऱ्यांचा आवाज तिथे क्षीणच होता, हेही सांगितले पाहिजे. बायकांची तर सहीच कुणी मागितली नसणार. पण काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी ‘स्त्री विचारवती सभा’ चालवली. घरातले माणूस सार्वजनिक झाल्यावर घर मागे राहिले नाही.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले. ते सरकारी नोकरीत, त्यामुळे त्यांना उघडपणे फार पुढे येता येत नसे. बुद्धी रानड्यांची आणि पाय काकांचे, अशी ती जोडी जमली. १८७६ साली दुष्काळ पडला तेव्हा सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे मांडण्याचा सपाटा लावला. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली गेली, त्यालाही सभेने हरकत घेतली. नुसता हळहळणारा माणूस आणि पीक किती बुडाले, गुरे किती मेली हे विचारीत फिरणारा माणूस यांत मला तरी फार अंतर वाटते.

खादीचेही तसेच. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी देशी सुताचेच कपडे वापरण्याची शपथ घेतली. गांधीजी तेव्हा दोन वर्षांचे होते. काका स्वतः सूत काढीत, देशी मालाची दुकाने काढण्याच्याही खटपटी त्यांनी केल्या. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराला राजेरजवाडे जरीकाठात गेले, तर सभेचे हे प्रतिनिधी खादीच्या जाड्याभरड्या पोशाखात. त्यांनी लॉर्ड लिटनला जे मानपत्र दिले, त्यात इंग्रज प्रजेइतकेच हक्क हिंदी प्रजेलाही मिळावेत अशी मागणी होती.

पण काकांची खरी कसोटी लागली ती १८७९ मध्ये. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यातले कारकून, रानड्यांची व्याख्याने ऐकलेले. दुष्काळात लोकांचे हाल पाहून त्यांनी रामोशांना हाताशी धरले, दरोडे घालून पैसा उभा केला आणि बंडाचे निशाण रोवले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. त्यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशीच सरकारच्या हाती पडली होती. बचाव असा उरलाच नव्हता. त्यातून सरकारचा डोळा सार्वजनिक सभेवरही होता. त्याच वर्षी रानड्यांची बदली झाली, तिच्यामागेही संशयच होता असे मानले जाते.

अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला कोण धजणार? ते काकांनी घेतले. ज्यांनी आयुष्यभर अर्जविनंत्या केल्या, सनदशीर मार्ग सोडला नाही, त्यांनी तो मार्ग लाथाडणाऱ्या माणसासाठी कोर्टात उभे राहावे, यात मला विसंगती दिसत नाही. आरोपीचे म्हणणे कुणीतरी मांडल्याशिवाय त्याला शिक्षा होऊ नये, हा कायद्याचा नियम. तो नियम सरकारने पाळावा असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्याने स्वतःची पाळी आल्यावर प्रकृतीचे किंवा कामाचे निमित्त सांगितले असते, तर कुणी दोषही दिला नसता. पण दुसऱ्या कुणाच्याही गैरहजेरीपेक्षा काकांची गैरहजेरी मोठी दिसली असती. सभेवर बालंट येण्याचा धोका त्यांना कळत नव्हता असे थोडेच आहे! चिंतामण पांडुरंग लाटे हे वकीलही या कामी त्यांच्यासोबत होते.

खटला हरला. जन्मठेप, काळे पाणी अशी शिक्षा झाली आणि फडक्यांची रवानगी एडनला झाली. १८८३ मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. काका ती बातमी ऐकायला नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. काँग्रेस स्थापन व्हायला अजून पाच वर्षे होती.