कीचकवध आणि तानीबाईंचा पैसा

आम्ही खापरखेड्याची माणसं वीज केंद्राच्या चिमण्यांच्या सावलीत राहतो. त्यामुळे दिव्यांशिवाय कुणी सिनेमा काढला असेल, हे आमच्या पटकन डोक्यात येत नाही. त्यातून तो अंगावर काटा आणणारा! पण मैत्रिणींनो, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तो काढला, निव्वळ उन्हाच्या भरवशावर.

बाबूराव १८९० साली जन्मलेले, मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता भाऊ आनंदरावांसह त्यांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसे कुठले? मग तो घरीच बनवायचा असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी मात्र हात टेकले नाहीत. दामल्यांना सोबत घेऊन खटपट करत १९१८ मध्ये त्यांनी कॅमेरा चालता केला.

आता भांडवल हवं होतं. बड्या लोकांना या धंद्यात पैसा घालायचा नव्हता. पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. त्यांनी कर्ज दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२०. फाळक्यांची तारामती १९१३ मध्ये एका पुरुषाने, साळुंकेंनी केली होती. बाबूरावांना बाईच्या भूमिकेत बाईच हवी होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई तयार झाल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या, पण आपल्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं.

विराटाच्या राजवाड्यात दासी होऊन राहणाऱ्या द्रौपदीला कीचक छळतो आणि भीम त्याला ठार करतो, ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. पण बाबूरावांनी तो वध इतका खरा दाखवला की सेन्सॉरने ते दृश्य काढायला लावलं. बाईचा छळ चालला, शिक्षा बघवेना! लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

कृत्रिम प्रकाश त्यांनी वापरला तो पुढे ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम कंपनी सोडून गेले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूराव पुन्हा रंग आणि मूर्तिकामाकडे वळले. १९५४ च्या जानेवारीत ते गेले.