राणीच्या बागेमागचा माणूस : डॉ. भाऊ दाजी लाड

राणीची बाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. खारबावहून जायचं म्हटलं तर वाट सोपी आहे. वसई-दिवा गाडीने दिव्याला उतरायचं, तिथून मध्य रेल्वेची लोकल पकडायची आणि भायखळ्याला पूर्वेकडे बाहेर पडायचं. तिथून बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. आपल्या मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवा. आणि बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.

बागेतून आलेल्या मुलांना विचारलं, काय पाहिलं? तर उत्तर येतं पेंग्विन, वाघ. झाडं कोणी सांगत नाही. खरं तर ही बाग आधी झाडांची आहे आणि मग प्राण्यांची. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. पोटाचा घेर वाढलेल्या म्हाताऱ्या पहिलवानासारखी दिसणारी गोरखचिंच आहे. खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं लागणारा कैलासपती आहे. त्याच्या फुलात नीट पाहिलंत तर पिंडीवर फणा धरल्यासारखा आकार दिसतो, म्हणून लोक ते फूल शंकराला वाहतात. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या झाडात आपल्या लोकांनी आपला देव पाहिला! पान द्रोणासारखं वळलेला कृष्णवड आहे. त्या द्रोणातून कृष्णाने लोणी खाल्लं अशी गोष्ट सांगतात.

याच बागेत, प्रवेशद्वाराजवळ, एक देखणं संग्रहालय आहे. त्याच्या दारावर नाव आहे डॉ. भाऊ दाजी लाड. हे नाव वाचून पुढे जाणारेच जास्त. परीक्षेत समाजसुधारकावर निबंध आला की आपण फुले, आगरकर, कर्वे लिहितो आणि ते योग्यच आहे. पण भाऊंवर लिहिलेला एकही पेपर मी आजवर तपासलेला नाही. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

त्यांचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे घरातलं हाकेचं नाव आणि दाजी हे वडिलांचं. दोन्ही जोडून लोक भाऊ दाजी म्हणू लागले आणि तेच नाव जगभर गेलं. जन्म 1822 चा, गोव्यातल्या पेडणे भागात मांद्रे गावचा. घरची गरिबी होती. वडील मातीच्या बाहुल्यांचा धंदा करत. पोरगा बुद्धिबळात फार तरबेज. त्याचा खेळ पाहून एका इंग्रजाने वडिलांना सांगितलं की याला इंग्रजी शिकवा. वडिलांनी ऐकलं. बाहुल्या विकणाऱ्या माणसाने मुलाला मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घातलं, हे त्या काळात लहान धाडस नव्हतं.

तिथे भाऊ शिकले आणि तिथेच पुढे शिक्षकही झाले. काठेवाडात काही घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारून टाकत. या बालहत्येविरुद्ध त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. बघा, निबंधाने आयुष्य सुरू झालेला हा माणूस! त्यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा ते शिक्षकाची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. कॉलेजची जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली तिच्यात भाऊ होते. 1851 पासून त्यांनी मुंबईत दवाखाना सुरू केला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, आणि मुंबईतले सुरुवातीचे फोटोग्राफरही. दोघे भाऊ गरिबांना फुकट औषध देत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भाऊ इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर होते, पण जुने संस्कृत वैद्यकग्रंथ त्यांनी अडगळीत टाकले नाहीत. अमुक झाडाची साल तमुक रोगावर चालते असं ग्रंथात लिहिलंय ना, मग देऊन पाहू, नोंद ठेवू, गुण येतो का बघू, ही त्यांची रीत. जुनं आहे म्हणून खरं असं नाही, आणि जुनं आहे म्हणून खोटं असंही नाही. तपासायचं. त्यासाठी झाड ओळखता आलं पाहिजे, म्हणजे वनस्पतिशास्त्र आलं पाहिजे. तेव्हाची वनस्पती उद्यानं नुसती फिरायला नव्हती, डॉक्टर आणि शेतकरी यांच्यासाठी ती जिवंत ग्रंथालयंच होती.

मुंबईत अशी एक बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी गेली. वस्तुसंग्रहाचीही तीच कथा. फोर्टमधल्या बराकीत ठेवलेल्या वस्तू 1857 च्या उठावाच्या धामधुमीत सैन्याला जागा हवी म्हणून बाहेर काढल्या गेल्या आणि बऱ्याच खराब झाल्या. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या. पण नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी 1858 मध्ये पुन्हा सुरुवात केली. समिती केली आणि लोकांकडून वर्गणी गोळा केली. भाऊ आणि बर्डवुड चिटणीस झाले. बाग आणि संग्रहालय एकाच ठिकाणी करायचं ठरलं. 19 नोव्हेंबर 1862 रोजी भायखळ्याला बाग खुली झाली आणि संग्रहालयाचा पाया घातला गेला.

झाड आणि कलावस्तू एकाच कुंपणात का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मला वाटतं, भाऊंच्या कामाकडे पाहिलं की उत्तर मिळतं. ते सकाळी रोगी पाहणारे आणि सुट्टी मिळाली की लेणी गाठणारे गृहस्थ होते. अजिंठ्याला जाऊन त्यांनी तिथले शिलालेख उतरवले आणि वाचले. सोळाव्या लेण्यातला लेख त्यांनी छापला आणि वाकाटक राजांची वंशावळ अभ्यासकांपुढे आली. लोक भिंतीवरची चित्रं पाहून थक्क होत. भाऊ त्यासोबत हेही विचारत की हे कोणी करवून घेतलं, कधी, आणि कोणत्या श्रद्धेने? एखादा मंत्री आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी डोंगर कोरून भिक्षूंना विहार देतो, हे त्या दगडातूनच कळतं.

गिरनारच्या खडकावरचा रुद्रदामनाचा लेखही त्यांनी अभ्यासला. त्याच खडकावर सम्राट अशोकाचे लेख आहेत. त्यातल्या एका लेखात माणसांच्या आणि जनावरांच्या उपयोगाच्या औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याचं सांगितलंय. म्हणजे औषधी झाडं लावणं हे धर्माचं काम आहे, असं आपल्या देशात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलं गेलं. राणीच्या बागेत फिरताना हे आठवून पाहा.

श्रद्धेबाबत भाऊंची कसोटी लागली तीही 1862 मध्येच. करसनदास मूळजी या पत्रकाराने आपल्या वैष्णव पंथातल्या एका महाराजांच्या वर्तनावर टीका केली होती. महाराजांनी बदनामीचा खटला भरला. पंथ श्रीमंत होता, अनुयायी वजनदार होते आणि गुरूविरुद्ध बोलणं म्हणजे पाप. भाऊ करसनदासांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आणि डॉक्टर म्हणून जे ठाऊक होतं ते त्यांनी कोर्टात सांगितलं. करसनदास सुटले. ज्या शहरात आपला दवाखाना चालतो आणि बागेसाठी वर्गणी मागायची आहे, त्याच शहरात अशी साक्ष द्यायची, विचार करा!

आता आपल्या ठाणे जिल्ह्यातली गोष्ट. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथला शिलालेख भाऊंनी वाचून प्रसिद्ध केला. त्यातला शक त्यांनी 782 असा वाचला. तो चुकीचा होता. खरा शक 982, म्हणजे इसवी सन 1060. ही चूक कोणी दुरुस्त केली? पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. हे भगवानलाल कोण, तर जुनागढचा तरुण. गिरनारच्या लेखांचं वेड असलेल्या या मुलाला भाऊंनीच मुंबईला बोलावलं, जवळ ठेवलं, शिकवलं आणि देशभर लेख उतरवायला पाठवलं. याच भगवानलालांनी 1882 मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. खारबावहून वसई आणि तिथून पुढचंच स्टेशन, इतकं ते जवळ आहे. कालिदासाच्या काळाबद्दलही भाऊंनी निबंध लिहिला, त्यांचं मतही पुढच्या अभ्यासकांनी मानलं नाही. पण दोन्ही ठिकाणी त्यांनी आपलं वाचन आणि आपली कारणं उघड मांडली होती, म्हणूनच दुसऱ्याला ती तपासता आली. शिक्षक म्हणून मला भाऊंची ही बाजू फार आवडते.

त्यांची दुसरी बाजू मात्र मनाला लागते. कुष्ठरोग म्हणजे त्या काळी माणूस जिवंतपणीच घराबाहेर, गावाबाहेर. देवाचा कोप, पूर्वजन्मीचं पाप असं लोक म्हणत. भाऊंनी हा रोग पाप म्हणून नाही, रोग म्हणून पाहिला. संस्कृत ग्रंथ चाळले, वनस्पती तपासल्या, रोग्यांना पथ्यावर ठेवून औषध दिलं. काहींना चांगला गुण आला आणि नाव सगळीकडे पसरलं. पण औषध कोणतं ते त्यांनी जाहीर केलं नाही. पुरती खात्री पटल्याशिवाय सांगायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं. इतर डॉक्टरांनी यावर टीकाही केली. भाऊ गेले तेव्हा ते प्रयोग अर्धेच राहिले होते. पुढे औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत असं नोंदलं गेलं की ते औषध बहुधा कडू कवठाच्या बियांचं तेल होतं. कडू कवठ हे आपल्या कोकणातलं आणि सह्याद्रीतलं झाड. याच जातीच्या झाडांचं तेल पुढे कित्येक वर्षं जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं. 1940 च्या दशकात नवी औषधं आली तेव्हाच ते मागे पडलं.

आता तुम्हीच बघा. शिलालेखाचं चुकलेलं वाचन छापलं, ते दुरुस्त होऊन आज इतिहासात आहे. औषध बहुधा बरोबर होतं, पण ते मनात राहिलं आणि त्यांच्यासोबत गेलं. भाऊंना याबद्दल दोष द्यावा का? अर्धवट औषध जाहीर केलं आणि भोंदू वैद्यांनी ते विकायला काढलं तर काय, ही भीती खोटी नव्हती. तरीही मला वाटतं, नोंदी तरी कोणाच्या हाती द्यायला हव्या होत्या. तुमचं मत वेगळं असू शकतं, वहीत लिहा.

शेवटची वर्षं सोपी गेली नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचा बाजार फुगला आणि 1865 मध्ये फुटला. त्यात भाऊंची कमाई बुडाली. त्याच वर्षी नाना शंकरशेटही वारले. वर्गणीदारांचेच हात रिकामे झाल्यावर संग्रहालयाचं बांधकाम रखडलं, शेवटी सरकारने पैसे घालून ते पुरं केलं. घारापुरीचा दगडी हत्तीही याच सुमारास, 1864 मध्ये, इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना पडून फुटला. त्याचे तुकडे या बागेत आले, पुढे ते जोडले गेले आणि तो आज संग्रहालयाबाहेर उभा आहे. नीट पाहिलंत तर सांधे दिसतील.

कर्जाच्या त्या दिवसांतही भाऊंचा दवाखाना, लेख, हस्तलिखितं जमवणं, मुलींच्या शाळेसाठी खटपट, सगळं चालूच होतं. 1869 आणि 1871 असं दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. 2 मे 1872 रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं, ते त्यांना पाहायला मिळालं. मग पक्षाघाताने शरीर थांबवलं आणि 31 मे 1874 रोजी ते गेले. वय जेमतेम बावन्न. त्यांनी जमवलेली संस्कृत हस्तलिखितं आजही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. संग्रहालयाला त्यांचं नाव मिळायला मात्र 1975 साल उजाडलं, म्हणजे एकशे एक वर्षं.

पुढच्या वेळी बागेत जाल तेव्हा पेंग्विन जरूर बघा. पण वही सोबत न्या. झाडांना लावलेल्या पाट्या वाचा, पाच झाडांची नावं आणि ती मूळची कुठली ते उतरवा. एखाद्या झाडाशी देवाची गोष्ट जोडलेली असेल तर तीही लिहा. मग संग्रहालयात जा. तिथे मातीची छोटी छोटी माणसं आहेत, वेगवेगळ्या जातीधर्मांची, आपापल्या पोशाखात. त्यांच्यासमोर थोडं थांबा आणि मांद्र्याच्या त्या बाहुल्या विकणाऱ्या घराची आठवण काढा.