आधी कान, मग जीभ : हॅरोल्ड पामर यांचे जीवनकार्य



आपली मुले पाचवीपासून आणि आता तर पहिलीपासून इंग्रजी शिकतात. धडे वाचतात, प्रश्नोत्तरे पाठ करतात, परीक्षेत पासही होतात. परंतु समोरच्याने चार वाक्ये भराभर इंग्रजीत बोलली, की हीच मुले गोंधळून जातात. डोळ्यांना ओळखीचा असलेला शब्द कानांना परका वाटतो. असे का होते, याचा विचार ज्या थोर शिक्षकाने जन्मभर केला, त्या हॅरोल्ड एडवर्ड पामर यांची ओळख करून घेणे आपणा सर्वांस उपयोगी पडेल.

पामर यांचा जन्म ६ मार्च १८७७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिक्षक होते. पुढे त्यांनी हाइथ या लहान गावी वृत्तपत्र चालविले. मुलानेही तेथे काम केले. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. १९०२ साली तो बेल्जियममधील व्हर्व्हिए या गावी बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवू लागला. या शाळेचा नियम कडक होता. वर्गात भाषांतर नाही, जी भाषा शिकवायची तीच बोलायची. पामर यांनी तेथे अनुभव घेतला आणि पुढे स्वतःची शाळा काढली. त्याचबरोबर ध्वनिशास्त्राचा अभ्यासही सुरू केला.

१९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि पामर कुटुंबाला सर्व सोडून इंग्लंडला परतावे लागले. पण विद्या कोण लुटणार? प्रसिद्ध ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकविण्यास बोलाविले. पदवी नसलेला हा शिक्षक आता शिक्षकांना शिकवू लागला. १९१७ आणि १९२१ मध्ये त्यांची महत्त्वाची पुस्तके प्रसिद्ध झाली.

१९२२ साली जपानमधील शिक्षणतज्ज्ञ सावायानागी यांच्या निमंत्रणावरून ते टोकियोला गेले. तेथे त्यांना जे दिसले, ते आपल्यालाही परके वाटणार नाही. मोठे वर्ग, प्रवेश परीक्षेची धास्ती, व्याकरण आणि भाषांतर. वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही ऐकलेले समजत नसे. १९२३ साली इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था स्थापन झाली व पामर तिचे प्रमुख झाले.

त्यांचा सिद्धांत साधा होता. मूल मातृभाषा कशी शिकते? आधी पुष्कळ ऐकते, समजते आणि मग बोलते. म्हणून भाषा शिकण्याच्या पाच सवयींत त्यांनी पहिले स्थान कानाने ध्वनी टिपण्याला दिले. ऐकलेले तसेच उच्चारणे त्यानंतरचे. नव्या विद्यार्थ्याला लगेच बोलण्याची सक्ती करू नये, काही काळ नुसते ऐकू द्यावे, असे ते सांगत.

पण नुसते ऐकणाऱ्याला समजले की नाही, हे शिक्षकाने कसे ओळखावे? यासाठी त्यांनी आज्ञांचा सराव योजला. शिक्षकाने ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’ असे म्हणावे आणि मुलाने ते करून दाखवावे. उत्तर तोंडाने नव्हे, कृतीने द्यायचे. या पद्धतीवर त्यांनी कन्या डोरोथी हिच्यासह १९२५ मध्ये पुस्तक काढले. याला खर्च नाही, यंत्र नाही. साठ मुलांच्या वर्गातही ते जमते.

अडचणी थोड्या नव्हत्या. परीक्षा लेखीच राहिल्या, त्यामुळे पुष्कळ शाळा जुन्याच वाटेने चालत राहिल्या. तरीही फुकुशिमा येथील माध्यमिक शाळेने पद्धत नेटाने राबवून यश मिळविले. १९३५ साली टोकियो इंपीरियल विद्यापीठाने पामर यांना डी. लिट. पदवी दिली. १९३६ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांच्याच संशोधनात हातभार लावणाऱ्या हॉर्नबी यांचा शब्दकोश आज आपल्या ग्रंथालयांत आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा मारला गेला. १६ नोव्हेंबर १९४९ रोजी पामर यांचे निधन झाले.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? फैजपूर, यावल, सावदा या आपल्या परिसरातील उर्दू बोलणारे मूल बाजारात, केळीच्या बागेत, शेजारच्या अंगणात लेवा बोली व मराठी कानांनीच शिकते. त्यासाठी त्याने व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नसते. म्हणजे पामर यांचा सिद्धांत आपल्या दारात रोज सिद्ध होतो! शिवाय उर्दूमुळे ‘ज़’ आणि ‘फ़’ हे ध्वनी त्याच्या कानांत आधीच असतात. इंग्रजीलाही तेच हवे असतात. 

शिक्षक बांधवांनी तासाची पहिली पाच मिनिटे पुस्तक मिटवून इंग्रजी ऐकवावे. पालकांनी मुलाला किती शब्द पाठ झाले एवढेच न विचारता, आज काय ऐकले आणि काय समजले, हेही विचारावे. आपली मुलगी बारावीनंतर महाविद्यालयात जाईल, तेथे व्याख्यान इंग्रजीत सुरू होईल. पाठ केलेली उत्तरे त्या वेळी कामी येत नाहीत. ऐकून समजले नाही, तर हुशार मुलगीही मागच्या बाकावर गप्प बसते आणि एक दिवस शिक्षण सोडते. तिचे कान आजच तयार करणे, हे आपल्या हाती आहे.